धुक्यात लटकलेली बायको

...नाही, पण मुळात मला ते नीट आठवतंय की नाही, इथूनच शंका आहे! कारण मी म्हणतो रोपवेचा पाळणा तासभर लटकला होता, आणि बायको म्हणते, "कुठला तासभर? चहा निवेल एवढाही वेळ नव्हता." आता दोघांपैकी एकाचं चुकतंय, आणि आमच्या संसाराचा आजवरचा अनुभव पाहता ते कोणाचं, हे सांगायला माझी पीएचडी लागत नाही. तरी तुम्ही मलाच विचारताय, डोंगरात फिरायला गेल्यावर काय काय करावं म्हणून! अहो, पोहायला कुठे जावं हे कुणी मांजराला विचारतं का?

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर संभाव्यता शिकवली. कुठली गोष्ट घडायची किती शक्यता आहे, त्याचं गणित. लोकांना वाटतं, असा माणूस किती निर्धास्त असेल! उलट आहे हो सगळं. साधा माणूस "काही होत नाही" म्हणतो आणि घोरायला लागतो. मी? जिना उतरताना पाय घसरेल? शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. गॅस चालू राहिला असेल? शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. आणि तो जो 'पण' आहे ना, तो रात्रभर माझ्या उशाशी बसून असतो.

त्यात आदल्याच वर्षी हिच्या हृदयात स्टेंट बसवलेला. डॉक्टर म्हणाले, "डोंगरावर? खुशाल जा!" मी विचारलं, "खुशाल म्हणजे किती?" तर म्हणतात, "काका, पेशंट त्या आहेत." घ्या!

मग मुलगी आणि जावई आम्हाला घेऊन निघाले. जावई उत्साही. उत्साही म्हणजे... पहाटे कुडकुडत खोलीचं दार वाजवून "बाबा, सूर्योदय!" म्हणणारे. मी दार किलकिलं करून म्हटलं, "थंडीत रक्तवाहिन्या आकसतात." ते म्हणाले, "सूर्य थांबणार नाही, बाबा." मी म्हटलं, "उद्याही उगवेल. न उगवायची शक्यता कमी आहे, पण..." मुलगी शेजारच्या खोलीतून ओरडली, "बाबा, स्वेटर घाला!"

नंतर झुलता पूल. तोंडाशी पाटी, एका वेळी दहाच माणसांनी जावे. बरं, मोजतंय कोण? कोणीच नाही! मग मीच उभा राहिलो. हात आडवा धरून, "थांबा, थांबा, आधी ते उतरू देत." लोक थांबतसुद्धा होते हो! एका बाईंनी तर मलाच विचारलं, "स्वच्छतागृह कुठे आहे?" घोड्यावर मी बसलो नाही, त्याच्या डोळ्यांत मला थकवा दिसला. मग ते दरीकाठचं ठिकाण, जिथे ओरडलं की आवाज परत येतो. जावई ओरडले, "होऽऽ!" मुलगी ओरडली. ही म्हणाली, "अहो, तुम्हीपण ओरडा, मोकळं वाटेल." मी ओरडलो, "दरड कोसळणार नाही नाऽऽ?" आणि डोंगर काय म्हणाला ठाऊक आहे? "...नाही ना? ...नाही ना?" म्हणजे त्यालाही खात्री नव्हती!

या सगळ्यात हिने स्वतःसाठी काही मागितलं नाही, कशाला नको म्हटलं नाही. फक्त शेवटच्या दिवशी म्हणाली, "मला त्या रोपवेत बसायचंय. ऑपरेशनच्या टेबलावर पडल्यापडल्या ठरवलं होतं, यातून उठले तर एकदा उंच जाऊन बसायचं." आता यावर काय बोलणार? मी बोललो. बरंच बोललो. पण ही शाल गुंडाळून निघालीसुद्धा.

रोपवेचं खालचं स्टेशन म्हणजे एक मोठी पत्र्याची खोली, ग्रीसचा वास, मधोमध भलंमोठं चाक, आणि कोपऱ्यात माकडटोपीतला ऑपरेटर. मुलगी-जावई पुढच्या पाळण्यातून गेले. आमचा पाळणा येईपर्यंत मी त्या गृहस्थांकडे जरा चौकशी केली. "वीज गेली तर?" "जनरेटर आहे, आजोबा." "तो बंद पडला तर?" "हाताने फिरवतो." "आणि हात..." तेवढ्यात मागून ही म्हणाली, "अहो, चला ना!" मी म्हटलं, "आलोच, एवढं एक विचारतो..." आणि दार बंद! तुम्हाला सांगतो, काचेमागून ही मला हात हलवत होती. एकटी! आणि धुक्याने तिला गिळलं. आणि चाक... थांबलं.

"काय झालं? काय झालं?"

"वारा वाढला की आपोआप थांबतं," असं म्हणून हा मनुष्य थर्मासमधून चहा ओततोय! माझा चेहरा बघून त्यालाच काळजी वाटली असावी. म्हणाला, "हा घ्या माइक. पाळण्यात स्पीकर आहे, बोला त्यांच्याशी. त्या बटण दाबून उत्तर देतील."

घेतला. "अगं, मी बोलतोय! घाबरू नकोस! श्वास घे! जोरात नको, हळू घे! छातीत दुखतंय का? डावा हात? गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, जिभेखाली ठेव! खाली बघू नकोस! वरही बघू नकोस! आणि तार तुटायची शक्यता कमी आहे, पण शून्य..."

"आजोबा! आजोबा! ते सगळ्या पाळण्यांत ऐकू जातंय!"

मग काय, उत्तरंच उत्तरं! कुठल्यातरी पाळण्यात पोर रडतंय, कुणी म्हणतंय "कोण आहे हा माणूस?", आणि जावयांचा आवाज, "बाबा, प्लीज!" सगळे बोलले हो. हिच्या पाळण्यातून मात्र चकार शब्द नाही.

ऑपरेटरने माइक फक्त तिच्या पाळण्याला जोडला. मी म्हटलं, "अगं, ओ दे." शांत. "रागावली आहेस का? रागाव, पण बोल." शांत. जन्मभर ज्याचं गणित केलं, ते समोर धुक्यात लटकलं होतं आणि मला साधी बेरीज सुचेना. मग मी काय काय बोललो ते धड आठवत नाही. ऑपरेटर तोंड फिरवून उभा होता, एवढं आठवतं. मी म्हटलं, "तुझ्यामागे मी कसा राहू गं? मला साखर कुठल्या डब्यात असते तेसुद्धा माहीत नाही. मी सारखा विचारतो, कारण तू 'आहे' म्हणालीस की मला बरं वाटतं. एकदा नुसतं हूं म्हण." नाही म्हणाली हूं.

मग चाक फिरलं. पाळणे वर जाऊन उलटे खाली यायला लागले, आणि धुक्यातून ही उतरली. गाल लाल, चेहरा असा, की नुकती झोपून उठली असावी!

"अगं, ऐकू येत नव्हतं का तुला?"

"स्पीकर बिघडला असेल. किती शांत होतं हो वर!"

"काहीच ऐकलं नाहीस?"

"काही म्हणालात का तुम्ही?"

मी स्पीकर नादुरुस्त असल्याची रोपवेवाल्यांकडे लेखी तक्रार केली, तीही सविस्तर. आणि घरी परतलो तर हिने काय आरंभावं? मला चहा शिकवायला घेतला! या वयात! "हा साखरेचा डबा, ही पूड, हे आधण. उद्या तुम्ही करायचा." मग कुकर. मग औषधं कुठे, किल्ल्या कुठे. मी म्हटलं, "मला का छळतेस? तू आहेस ना?" तर म्हणाली, "आहे. गाळणं धरा."

वर्षं गेली. परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला, तो रोपवेच बांधतो. मी चहा करून दिला, बरा झाला होता, आणि सहज त्या बिघडलेल्या स्पीकरबद्दल विचारलं. मग त्याने त्या रोपवेवाल्यांकडे चौकशी करून खात्रीच करून दिली. त्या पाळण्यांचे स्पीकर कधी बिघडलेच नव्हते. बाकाशेजारी आवाज लहानमोठा करायचं बटण असतं, प्रवाशाच्या हाताशी. आणि ते पार टोकापर्यंत फिरवलं तरी आवाज फक्त बारीक होतो, बंद होत नाही.