शांताराम लोंढे नावाची दोन माणसं

मंडळी, एक सांगा. माणूस ओळखायचा कशावरून? नावावरून म्हणता? बरं, ऐका मग.

वैजयंता धुमाळ नावाच्या एक बाई होत्या. तालुक्यातल्या रक्तदात्यांची माहिती कॉम्प्युटरवर ठेवायच्या. एकच लांबलचक तक्ता — कुणी रक्त दिलं की खाली नवी ओळ. तीत नाव, गाव, फोन, रक्तगट, तारीख, सगळं पुन्हा. तोच माणूस परत आला की परत तेच! यात बिघडलं काय? बाईंनाही काही वाटत नव्हतं.

एका दुपारी दवाखान्यातून फोन आला. "बाई, बाळंतीण अत्यवस्थ आहे. ओ निगेटिव्ह रक्त हवंय, लगेच."

बाईंनी शोधलं. शांताराम लोंढे, ओ निगेटिव्ह. फोन लावला — बंद. खाली पुन्हा शांताराम लोंढे, नंबर वेगळा. घाईत रक्तगट कोण बघतंय? लावला. गडी हातातलं काम टाकून आला. तपासलं, तर ओ पॉझिटिव्ह. नाव तेच, माणूस दुसरा!

बाई पुन्हा तक्ता चाळायला धावल्या. तेव्हा तोच म्हणाला, "अहो, तुम्हाला गुऱ्हाळवाला शांताराम हवा असेल. त्याच्या नावाच्या लग्नपत्रिकासुद्धा माझ्याकडंच येतात. थांबा, बोलावतो त्याला."

गुऱ्हाळवाला आला, रक्त मिळालं, माय-लेक दोघी वाचल्या. आणि मंडळी, त्याचा नवा नंबर बाईंच्याच तक्त्यात होता — पार तळाच्या ओळीत. वरच्या ओळींत जुनाच राहिलेला.

बाई विचारात पडल्या. नाव दुसऱ्याचंही असतं. फोन बदलतो. गावही सुटतं. मग न बदलणारं काय? त्यांनी तक्ता मोडून दोन केले. एकात फक्त माणसं — प्रत्येकाची ओळ एक, क्रमांक स्वतःचा. दुसऱ्यात फक्त रक्तदानं — तारीख आणि देणाऱ्याचा तो क्रमांक. क्रमांकावरून माणूस सापडतो. फोन बदलला? एकाच जागी दुरुस्त करा, झालं.

दुसऱ्या शांतारामनं विचारलं, "माझा क्रमांक त्याला नाही ना जायचा?"

"कुणालाच नाही. तो तुमचाच."

गडी हसला. "मग माझं असं काहीतरी आहे म्हणायचं."

आता मंडळी, आपल्या मनात डोकावा. जाऊबाई कधीतरी चुकीचं बोलल्या. ते आपण मनाच्या तक्त्यात लग्नाच्या ओळीत लिहिलं, बारशाच्या ओळीत लिहिलं, वाटणीच्या ओळीत लिहिलं. त्या बदलल्या. आपण एका ओळीत खोडलं, बाकीच्या तशाच! मग हाक मारतो जुन्या नंबरावर, आणि म्हणतो, पलीकडून कुणी बोलतच नाही.

घरी जा, त्या सगळ्या ओळी पुसा. आजचं माणूस एकाच जागी नीट लिहा. आणि आता टाळ उचला, त्या देवाचं नाव घेऊ — ज्याच्याकडे आपल्या हजार चुका असल्या, तरी आपली ओळ एकच आहे.