जावईबुवा पुढे

सासऱ्यांबरोबर जंगलात फिरायला गेलात तर एक करा, पुढे चालू नका. मी चाललो होतो.

मोताळ्याजवळ नदीकाठी वांग्याची भाजी आणि निखाऱ्यावर भाजलेले रोडगे असा बेत होता. मेहुणा सकाळीच तिकडे गोवऱ्या पेटवून बसलेला. मी, सासरे आणि चुलत सासरे मागून निघालो. शेतातून नदीपर्यंत जंगलातली दहा मिनिटांची पायवाट.

"जावईबुवा, तुमी व्हा पुढं," सासरे म्हणाले. मान असतो, म्हणून झालो. वाट फुटली की मी विचारायचो, "इकडूनच ना?" दोघंही म्हणायचे, "हाव."

तासभर चाललो. रोडग्यांचा वास कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. एका पळसाखाली शेळ्या चारणारा एक म्हातारा बसला होता. त्याच्यासमोरून आम्ही तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं सासऱ्यांना विचारलं, "भाऊ, काऊन चकरा मारून राह्यले? नदी तर तिकडं हाय."

"मले माहीत हाय ना बाप्पा," सासरे हळूच म्हणाले, "जन्म गेला इथं. पण जावयाले चुकले असं कोन म्हनन?"

मी ऐकलं आणि मागे वळलो. "मामाजी, मी चुकलो. आता तुम्ही पुढे व्हा."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. ते घाईघाईनं त्या म्हाताऱ्याकडे वळले.

"आयकलं ना? त्यायनंच म्हनलं. घरी कोनी इचारलं तर तू साक्षीदार."