सुभद्राबाईंच्या यकृतातलं मरण

मंडळी, कान इकडे द्या. एक विचारतो — मरण वाईट का? लगेच माना हलवू नका. मागं काहींच्या माना हलतायत, पण ती झोप आहे!

ऐका. डोंगराच्या कडेला एक गाव. तिथं सुभद्राबाई काळोखे अंगणवाडीत शिकवायच्या. गावातलं दारूचं दुकान ह्याच बाईनं बंद पाडलं — घरोघर फिरून, बायकांचं मतदान घडवून. आणि वर्षाच्या आत बाईंचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, कळशी उचलवेना. पारावर कुजबुज सुरू — "चोरून पीत असणार." बाईंच्या कानावर आलं. त्यांनी दार लावून घेतलं.

शेवटी जाऊ कमळजा त्यांना हाताला धरून जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं डॉक्टर बागवान म्हणून बाई होत्या. त्यांनी सुईनं यकृताचा कणभर तुकडा काढला, आणि चार दिवसांनी तो रंगवून काचेवर ठेवला.

"मावशी, तुम्हीच बघा."

सुभद्राबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांचं रान!

"तो आक्रसलेला गुलाबी गोळा दिसतो? ती मेलेली पेशी. तिला मरायचा हुकूम मिळाला."

"हुकूम? कुणाचा?"

"एरवी शरीराचाच. पेशी जुनी झाली, बिघडली, की आपणहून आवरतं घेते. स्वतःच्या बारक्या पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या गिळतात. कुणाला पत्ता लागत नाही. रोज चालतं हे, माझ्यातही. तुमच्यात मात्र रोगाशी लढणारे रक्तातले राखणदारच चुकले. धडधाकट पेशींना 'मरा' म्हणत सुटले. इतक्या एकदम मेल्या, की आवरायला कुणी पुरेना. काही फुटल्या, आतलं बाहेर सांडलं. त्यानं आणखी राखणदार धावून आले. हीच सूज. मग आणखी मरण, आणि मेलेल्यांच्या जागी घट्ट व्रण. यात दारूचा काही संबंध नाही."

बाई कितीतरी वेळ डोळा काढीनात. मग हळूच म्हणाल्या, "एवढं माझ्या आत चाललं होतं, आणि मी लोकांचं बोलणं ऐकत बसले."

गोळ्या सुरू झाल्या. राखणदार शांत झाले. यकृत भरून येऊ लागलं — हो मंडळी, ते पुन्हा वाढतं! सहा महिन्यांत डोळे निवळले. बाई पारावर गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता शिव्या बसणार.

बाई म्हणाल्या, "रामभाऊंचा मुलगा शिवाजी मागं काविळीनं गेला, तेव्हा 'पिऊन मेला' असं मीच म्हणाले होते. तपासलं होतं कुणी?"

बाई तिथून थेट शिवाजीच्या आईकडे गेल्या आणि तिच्या पायाशी बसल्या.

आता सांगा, मरण वाईट का? ह्या घटकेला तुमच्या आत कितीतरी पेशी निमूट आवरून निघाल्यात, म्हणून तुम्ही इथं बसलात. केवढी ही व्यवस्था, आणि आपल्याला तिचा आवाजही येत नाही! मग आपल्याच जिभेचा एवढा आवाज का? आज घरी जाताना एवढं आठवा — आपलं बोलणं कुणाच्या आत जाऊन सांडलंय. आणि ज्याच्या आत सांडलंय, त्याच्याकडे आजच जा.