सुट्टीच्या दिवसाची सुरत

शोभाबाई : हळू बोला ना ओ! अख्खी चौपाटी वळून बघतेय.

हेमराज : मी हळूच बोलतोय!

शोभाबाई : याला हळू म्हणतात? कापड विणायचे साचे तिकडे कारखान्यात, तुमच्या त्या खात्यात राहिले, अन् तुमचा गळा अजून त्यांच्याशी भांडतोय.

हेमराज : सवय झाली गं. त्या धडधडीत बाजूच्याला हाक मारायची तरी बोंबलावं लागतं. सोनाली, ती बघ, तापी!

सोनाली : पप्पा, तो मोठा बंगला कुणाचा?

हेमराज : तो... एका शेठचा.

सोनाली : आणि तो घुमटवाला?

हेमराज : त्याच्या भावाचा.

शोभाबाई : अन् पूल? शेठच्या सासऱ्याचा का?

हेमराज : हसून घे. उद्या तुझा भाऊ आला की सांग त्याला, सुरत कशी आहे ते.

शोभाबाई : तेच तर बघायला निघाले. रघुनाथला सांगून ठेवलंय मी. शहर मानवलं तर राहीन, नाहीतर त्याच्याबरोबर पोरांना घेऊन परत गावी, पारोळा गाठीन. चार वर्षं सांगताय, सुरत तळहातासारखी ठाऊक आहे म्हणून.

हेमराज : आहेच! राहा ना, शोभे. सोनालीला शाळेत घालू. एकट्याला ती खोली खायला उठते.

शोभाबाई : बघू. आधी या धाकट्या योगराजला कडेवर घ्या, माझा खांदा गेला.

(भेस्तान, हेमराजच्या चाळीचा भाग. संध्याकाळ. रिक्षातून उतरून बराच वेळ झाला आहे.)

सोनाली : माय, तो पिवळा एसटीडी बूथ परत आला.

हेमराज : बूथ काय एकच असतो का? सुरत आहे ही.

सोनाली : पण आत तेच काका आहेत. आता तर ते आपल्याला हात करतात.

शोभाबाई : खरं सांगा, चुकलात ना?

हेमराज : चुकलो नाही. सापडत नाहीये.

शोभाबाई : माझ्याकडे काय बघता? आले तशी चाळीबाहेर पाऊल नाही टाकलं मी. कुणाला तरी विचारा.

हेमराज : स्वतःच्या खोलीचा पत्ता विचारू? लोक हसतील.

शोभाबाई : लोकांचं सोडा, मीच हसतेय. बसा या ओट्यावर. रोज कसे येता मग घरी?

हेमराज : आवाजावर.

शोभाबाई : काय?

हेमराज : रात्रपाळी करून आल्यावर डोळे कोण उघडे ठेवतो? पहिल्या गल्लीतले साचे बारीक वाजतात, दुसरीतले धडधडतात. आपल्या कोपऱ्यावर बन्सीलालचं खातं, तिथला एक साचा लंगडतो. खट, खटाक, खट. तो ऐकला की वळायचं. आज सुट्टी, सगळे साचे गप्प. मला सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात.

शोभाबाई : अन् सुट्टीच्या दिवशी कुठं जायचात?

हेमराज : झोपायचो.

शोभाबाई : मग ती चौपाटी?

हेमराज : आज पहिल्यांदाच बघितली. चांगली आहे ना?

शोभाबाई : व माय! मग ते शेठचे बंगले?

हेमराज : असतीलच की कुणातरी शेठचे!

सोनाली : (समोरच्या दारातल्या बाईला) ओ मासी! बन्सीलालनुं खातुं क्यां छे?

शोभाबाई : अगं बाई! हे कधी शिकलीस?

सोनाली : शेजारच्या चंचलनं शिकवलं. माय, मासी म्हणते, तुम्ही त्याच्याच ओट्यावर बसलात.

हेमराज : हे? हे असं दिसतं?

(शोभाबाई योगराजला आपल्या कडेवर घेते.)

हेमराज : शोभे, बोल ना काहीतरी. हस पाहिजे तर. उद्या जायचं असलं तर जा, मी अडवणार नाही.

शोभाबाई : चार वर्षं कामाला जायचं, यायचं, झोपायचं. अन् पत्रात लिहायचं, मजेत आहे. हसू की रडू, मला काही सुधरेना बघा. सोनाली, उद्या मामा आला की तूच सांग, आम्हाला यायला जमणार नाही.

सोनाली : अन् का, म्हणाला तर?

शोभाबाई : पप्पा एकटे हरवतात म्हणावं.