बटनाचा टीव्ही

देवगाव फाट्यावर जिंतूरच्या बसची वाट बघत बसलेल्या केशरबाईंचे कान शेजारच्या बहीण-भावाकडं लागले होते. बहिणीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, टीव्हीला जोडून चालवायचा जुना कॉम्प्युटर होता.

“दादा, फुगलेला कपॅसिटर बदलला तसा लाल दिवा लागला की न्हाई?”

“लागला, पण चित्र कुठं हाय, रेणू?”

“नवा टीव्ही ह्याचं चित्र धरत न्हाई. आपल्या अप्पांनी ह्यो आणला तवाचा, बटन फिरवून चॅनल लावायचा टीव्ही पाहिजे. सेलूचं सगळं भंगार पालथं घातलं मी.”

“तीस वर्षांनी दिवा लागला, अन् चित्र न बघता जाऊ? उद्याची गाडी हाय माझी.”

केशरबाईंना राहवलं नाही.

“बटनाचा हाय माझ्याकडं. पण लावला की नुसत्या मुंग्या दिसत्यात.”

“मुंग्याच पाहिजेत, मावशी, म्हंजी टीव्ही चालू हाय. आत्ताच येऊ?”

“आत्ता नगं. त्याच्यावरच्या टोपल्यात कोंबडी अंड्यावर बसवलीय. टोपलं हलवलं तर उठंल ती.”

“किती दिवस झाले बसवून?”

“आज अठरावा. आणखी तीन दिवसांनी पिल्लं निघत्याल.”

“रेणू, माझं तिकीट रद्द कर.”