कापलेलं गाणं

हार्लेममधल्या लाँड्रीत भरदुपारी टीव्हीवर रात्रीच्या एका विनोदी कार्यक्रमाचा जुना भाग लागला होता. लमाँटच्या चादरी घडी घालून झाल्या होत्या, पण मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या आणि त्याचा पाय निघेना.

"व्हर्नेटा, हाच ना गं तो भाग? आता तुझा भाऊ दिसेल."

"नाही दिसणार, अर्लीन."

"अगं, आत्ताच त्याच्या बँडचं नाव घेतलं की."

"नुसतं नावच घेतात. बघ, लागली पुढची नक्कल."

"आणि गाणं?"

"कापलं. पुन्हा दाखवायचं तर गाण्याच्या हक्काचे पैसे पुन्हा मोजावे लागतात, ते कोण देणार? शिळे विनोद मात्र जन्मभर दाखवतील, मुडदा बसवला त्यांचा."

"तू तेव्हा ऐकलं असशीलच."

"तेव्हा मी कामावर होते. रॉस्को म्हणाला, ताई, पुन्हा दाखवतील तेव्हा ऐक. अख्खी गल्ली सांगते, ट्रम्पेट असा त्यानं परत कधीच वाजवला नाही. आता तर तोही गेला."

"मग चल की घरी. कपडे केव्हाच वाळलेत."

"थांब जरा. शेवटी सगळे निरोपाचे हात हलवायला येतात. तो मागं उभा असतो, घामानं नुसता निथळत. नुकताच वाजवून आलेला असतो गं."