वोल्टरिंकची गेझिना

...नाही हो, रक्ताचं काही नाही त्यात – तुम्ही आधी तो वंशाचा तक्ता गुंडाळा आणि मनुकांचा पाव घ्या, लोणी लावा भरपूर, मिशिगनहून कोण रोज येतंय! – तर ऐका. आमच्या या ट्वेंटे मुलखात आडनाव माणसाचं नव्हतंच कधी, घराचं होतं. वोल्टरिंक म्हणजे हे घर. जो इथे राहायला येईल तो वोल्टरिंक, मग कुठून का आलेला असेना. तुमचा तो बेरेंट, ज्याला मूळपुरुष म्हणून सगळ्यात वर बसवलाय – अहो, तो पलीकडच्या गावच्या शिंप्याचा पोरगा! इथल्या विधवेशी लग्न केलं, घरात शिरला आणि झाला वोल्टरिंक. चर्चच्या वहीत आहे, जाऊन बघा. तोंड का पडलं? वाईट काय त्यात? दोनशे वर्षांमागे फ्रेंचांच्या राज्यात सरकारी कारकून आला, आडनावं कायमची लिहून घेतली, तेव्हा बेरेंट नेमका इथे होता – म्हणून ते त्याला चिकटलं. आणि त्याचा नातू अमेरिकेला गेला तो नाव घेऊन गेला, घर इथेच टाकून. शहाणाच म्हणायचा!

मी? मी एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून आले. सासऱ्यांचं घराणं कारकुनाच्या नंतर इथे आलेलं, त्यामुळे कागदावर आमचं आधीचंच आडनाव, तेर हार. पण गावात विचारा, गेझिना तेर हार कोण? कुणाला पत्ता नाही. वोल्टरिंकची गेझिना म्हणा – पोरंसोरंसुद्धा दार दाखवतील. एकसष्ट वर्षं गाई पिळल्यात मी इथे. आता शनिवारी जायचं, वृद्धाश्रमात. मुलाने घर विकलं – उट्रेख्टचं जोडपं आहे, दातांचे डॉक्टर, गोठ्यात पोहायचा हौद बांधणारेत म्हणे. चांगली आहेत हो, फुलं घेऊन आली होती. रविवारपासून वोल्टरिंक ते. गाव तसंच म्हणणार – मीही तेच करत आले ना! शेजारच्या घरातली आलेयदा, तिचं घर सुटलं, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिथे राहायला आलेल्या नव्या बाईला त्या घराच्या नावाने हाका मारायला लागलो. आलेयदा बाजारात भेटली तर बिचारी स्वतःची ओळख सांगत होती. हसले होते मी. तोंडावर हसले. – आणि थडग्याच्या दगडावर मुलगा म्हणतो कागदावरचंच नाव घालायचं. कोण ती बाई? मी तर ओळखत नाही तिला.

म्हणून म्हणते – उघडा तो तक्ता परत. खाली कोपऱ्यात जागा आहे बघा. बारीक अक्षरात लिहा, गेझिना वोल्टरिंक. पुढे काही नको, तारीख नको, बाण नको... काय? रक्त नाहीतर लग्न लागतं? नियम आहे? आणि शिंप्याचा पोरगा बरा चालला तुम्हाला! – नको, माफी कसली मागताय. मीच बावळट. उठा आता, मला सामान बांधायचंय. – फोटो? घराचा? काढा की, तुमचंच नाव आहे. थांबा, मी बाजूला होते.